न सुटलेला टाका
मशीनच्या तेलाचा वास आला की मला डोणगावच्या शिंपीकाकांची ती ओसरी आठवते. महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि माझं लग्नही नवंच होतं. सासूबाईंबरोबर मी जुनं शिलाई मशीन बघायला गेले होते. शिंपीकाका वारल्यावर त्यांची बायको ते विकून माहेरी जाणार होती. तिने लेकीचा परकर सुईखाली घेऊन मशीन चालवून दाखवलं. शिवण अगदी सरळ आली, तरी भाव उतरावा म्हणून मी म्हणाले, "टाका सुटून राह्यला." जन्मभर नवऱ्याबरोबर गावाचे कपडे शिवलेल्या त्या बाईने परकर दारातल्या उजेडात धरला, शिवणीवरून दोनदा बोट फिरवलं. "मले तं काई दिसून नाही राह्यलं बाई," ती हळूच म्हणाली, "माहेच डोळे गेले असतीन." आणि भाव तिने आपणहून उतरवला. त्यानंतर तिने पुन्हा कधी आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवला असेल का, या विचाराने आजही माझी मान खाली जाते.