शेनिनच्या चौकशीला लालबाग, माझगाव

शिमगा झाला की ट्रॅक्टर लावून शेनिनचा प्लॉट उपटायचा, असं नानांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, जाहीर केलं आणि दुसऱ्याच दिवशी मी दिंडोरीहून मुंबईची वाट धरली. पायाशी खोक्यात त्याच वेलींवरचे उरलेसुरले घड होते. आमच्या घरात दारूला कुणी शिवत नाही; तरी नानांनी हौसेने वाइनचं हे पांढरं द्राक्ष दोन एकर लावलं. यंदा वाइनरीने गाडीभर माल परत पाठवला. गाव हसलं आणि नाना बोलेनासे झाले. मला ते बघवेना. हे द्राक्ष मुळात आहे तरी कसं, एवढं तरी उपटण्याआधी कळायला हवं होतं.

दादरला उतरले तर खोक्याचा तळ रसाने चिकट झालेला. फुलबाजारापाशी मधमाश्या झेंडू सोडून माझ्याच मागे लागल्या. एक फुलवाली हसून म्हणाली, "ताई, असं काय गोड घेऊन चाललाय?" मला उगाच अभिमान वाटला. म्हटलं, आमचा माल आहे!

लालबागला माझी मावशी राहते. मालवणी घरात पडून तिला चाळीस वर्षं झाली, त्यामुळे नाशिककडची म्हणून तिला आता कुणी ओळखणार नाही. जेवायला तिरफळं (मिरीएवढी, जिभेला झिणझिण्या आणणारी फळं) घातलेलं बांगड्याचं कालवण होतं. पहिल्याच घासाला मी डोळे मिटले.

"मावशी, कोकम जास्त झालंय गं."

"आंबट नको तर पेढे खा! कोकमाशिवाय बांगडो गळ्याखाली उतरता काय?"

जेवण उरकून ती मला टॅक्सीने माझगावला घेऊन गेली. मावशीचे यजमान गोदीत होते तेव्हाचे त्यांचे मित्र फिलिप अंकल तिथे राहतात. ते आयुष्यभर प्रवासी बोटींवर वाइन वाढत फिरले. क्रुसाला ताजा हार घातलेली एक गल्ली, तिच्या टोकाला त्यांचं लाकडी जिन्याचं घर. मुंबईत इतकी शांत जागा असेल असं मला वाटलं नव्हतं.

त्यांनी एक मणी तोंडात टाकला, सावकाश चावला आणि बी हातावर घेतली. म्हणाले, "बाय, फार गोड झालं. बिघडलं."

"गोड झाल्यावर बिघडतं?" मला रागच आला.

"हे खायचं द्राक्ष नाय. हे फ्रान्सचं, ल्वार नदीच्या काठचं. शेकडो वर्षं तिथलंच. तिकडे थंडी, पिकता पिकत नाय. म्हणून अंगात आंबटपणा पक्का. त्याच्यावरच त्याची सगळी मजा. याचीच साधी वाइन होते, गोड होते, फेसाळ पण होते. आपल्याकडे ऊन. साखर झपाझप चढते, आंबट निघून जातं. मग उरतं काय? सरबत. काढायला उशीर कोणी केला?"

मावशी माझ्याकडे बघू लागली. मी खोक्याकडे.

वाइनरीच्या माणसाचा फोन मलाच आला होता: गुरुवारी माल तोडा. नानासुद्धा म्हणाले, तोडू या. पण मी खायच्या द्राक्षांच्या घरातली. साखर भरल्याशिवाय घडाला कात्री लावायची नाही, हे मी माहेरी चालायच्या आधी शिकले असेन. वाटलं, वजन कमी भरावं म्हणून यांची घाई. मी आठ दिवस थांबवलं. माल परत आला तेव्हा "त्यांना निमित्तच हवं होतं" असंही मीच सांगितलं. आणि दोष गेला नानांच्या वेलींना.

अंकलनी फ्रिजमधून शेनिनची बाटली काढली आणि माझ्यापुरती दोन बोटं ओतली. कच्च्या पेरूचा वास, मागून किंचित मधाचा. जन्मात पहिला घोट घेतला. जिभेच्या कडांना पाणी सुटलं, आणि थोड्या वेळाने आणखी एक घोट घ्यावासा वाटला. हे आपल्या मळ्यात पिकतं, याचं मला मनापासून नवल वाटलं.

परतीच्या बसमध्ये मी वाक्यं जुळवत होते. द्राक्षात जन्म गेला, पण प्रत्येक द्राक्षाकडे मी एकच गोष्ट मागत आले. जे मला आवडतं तेच त्याने द्यावं, हा माझा हट्ट. घरी पोचले तेव्हा नाना ओट्यावर बसले होते. जुळवलेली वाक्यं मी विसरले. "नाना, चूक माझी आहे. मी थांबवलं म्हणून माल गेला," एवढंच म्हणाले आणि रडू आलं.

नानांनी प्लॉटकडे बोट केलं.

"म्हणजे वेली चांगल्या आहेत?"

"फार चांगल्या आहेत, नाना."

त्यांनी ट्रॅक्टरवाल्याला फोन लावला. "येऊ नको रे," ते म्हणाले. "वेली राहू दे. सुनेला उपटायचं बघतोय, पण तिची मुळं फार खोल गेलीत."