परत आणलेलं गाठोडं

केडगावातून रिक्षाने माळीवाडा स्टँडवर आले, तेव्हा शेवगावची गाडी लागलेली होती. माझ्या पिशवीत कादंबरीची अकरा प्रकरणं होती. बारावं नव्हतं. त्या बाराव्यासाठीच तर ही पायपीट. शाळेतून बिनपगारी रजा घेऊन मी लिहायला बसले होते. ती रजा रविवारी संपत होती आणि माझी नायिका गोदा ऊसतोडीला निघायची म्हणून अजून उंबऱ्यातच उभी होती. तिला बाहेर काढायचं सोडून मी रोज पहिल्या प्रकरणापासून वाचायचे आणि दुरुस्त्या करत बसायचे. शाळा सुरू झाली की हे सगळं बासनात जाणार, याची मला धास्ती बसली होती.

"निघणारी माणसं डोळ्यांनी बघून तरी या," असं शाळेतली सुरेखा म्हणाली. तिचं माहेर शेवगावच्या पुढे आहे. तिथून दरवर्षी ऊसतोडीची टोळी निघते. तिच्या आईकडे एक मुक्काम ठरला.

खिडकी मिळाली, पण जीव रमेना. करंजी घाटात मी पानं बाहेर काढली. एक शब्द खोडायला गेले तर गाडीच्या हिसक्याने रेघ तीन ओळींवरून गेली. शेजारी बसलेल्या आजोबांनी विचारलं, "पेपर तपासताय व्हय?"

"हो," मी म्हटलं.

"लईच नापास केलं की बिचाऱ्याला."

मी मुकाट्याने पानं आत ठेवली. घाटापुढे कपाशी, तूर आणि मधेमधे नुसती वेडी बाभूळ. शेवगावला स्टँडवर गरम भजी खाल्ली, जीभ भाजून घेतली आणि काळीपिवळी जीपमध्ये कशीबशी कोंबली गेले.

सुरेखाच्या आईने, मथुरामावशींनी, शेंगोळे (हुलग्याच्या पिठाच्या वळून रश्श्यात शिजवलेल्या कड्या) केले होते. पहिल्याच घासाला त्या म्हणाल्या, "टोळी आज जानार हुती. पन ट्रॅक्टर बिघाडलाय. आता सोमवारी येतुय म्हनं."

सोमवारी मी वर्गात असणार. म्हणजे सगळी खटपट पाण्यात! जेवण झाल्यावर मावशी मागच्या चुलीकडे गेल्या आणि मी ओसरीवर नुसती येरझारा घालत राहिले.

तेवढ्यात समोरच्या घरातली बाई आली. तिशीची असेल. हातातलं छोटं गाठोडं तिने ओसरीच्या कोपऱ्यात ठेवलं, माझ्याकडे बघून हसली आणि काही न बोलता निघून गेली. मला वाटलं, विसरली. रिकामटेकडीला तेवढंच काम मिळालं. गाठोडं उचलून मी तिच्यामागे धावले, थेट तिच्या घरात शिरले आणि ते खुंटीला अडकवूनही टाकलं.

"तुमचं राहिलं होतं," मी म्हटलं.

चुलीपुढची तिची सासू ओरडली, "आगं बया! निघालेलं घरात आनलं की वं!"

मग उलगडा झाला. त्या बाईचं नाव शांता. टोळीबरोबर नवराबायको दोघं जाणार होते. आजचा दिवस चांगला, पण ट्रॅक्टर नाही. अशा वेळी आजच गाठोडं शेजारी नेऊन ठेवायचं. याला परस्थान (प्रस्थान) म्हणतात. एक धुतलेलं लुगडं, सुपारी, हळकुंड, मूठभर ज्वारी. "गाठोडं गेलं म्हंजी आमी गेलो," शांता म्हणाली. "मंग गाडी कवाबी येऊ दे."

आणि मी त्यांना परत आणून ठेवलं होतं.

"आता ह्या साली जायचं न्हाई," सासूने निकाल दिला. "वाटंत काय झालं म्हंजी?" शांताचा नवरा दारात डोकं धरून बसला. टोळी त्यांच्यासाठी थांबणार नव्हती. मला रडूच यायला लागलं. स्वतःची गोदा हलत नव्हती ती नव्हतीच, वर मी दुसऱ्याची जाणारी बाई अडवली होती.

शांताने गाठोडं सोडलं, जुनी सुपारी काढून नवी घातली, पुन्हा गाठ मारली आणि माझ्या हातात दिलं.

"पाव्हन्या बाईनं आनलं, पाव्हन्या बाईनंच न्यावं. मागं बघायचं न्हाई. आन आता कायबी झालं तरी परत आनू नका, बाई. निघताना आमीच घिऊ."

सासू दारात येऊन उभी राहिली. मी मान ताठ ठेवून तो एवढासा रस्ता ओलांडला आणि गाठोडं कोपऱ्यात ठेवलं. "आता झ्याक," मागून सासूचा आवाज आला, आणि माझ्या जिवात जीव आला.

रविवारी सकाळी मी निघाले तेव्हा शांता अंगण झाडत होती. भाकरी थापायची होती, पाणी भरायचं होतं. अजून एक अख्खा दिवस ती घरातच असणार होती, पण तिच्या लेखी ती निघालेली होती. गाडीत मला तिचा फार हेवा वाटला. मी गोदाला उंबऱ्याबाहेर ढकलत होते आणि स्वतः मात्र रोज पहिल्या पानावर परत येत होते. निघायचं म्हणजे आधी थोडं तरी अशा जागी ठेवायचं, जिथून ते परत आणता येत नाही. पुढे नीट लिहून होईल की नाही, ही धाकधूक नगर येईपर्यंत काही गेली नाही. पण घाटात या वेळी मी पिशवीला हात लावला नाही.

केडगावला उतरले आणि घराचं कुलूप न उघडता शेजारच्या कुंदाताईंकडे गेले. अकरा प्रकरणांची पिशवी त्यांच्या कपाटात ठेवली.

"वाचू का गं?" त्यांनी विचारलं.

"वाचा. पण मी कितीही मागितली तरी मला परत देऊ नका."

"अगं, मग नेणार कधी?"

"गोदा कारखान्यावर पोचली की."

मी घरी आले, कोरा कागद घेतला, आणि गोदाचं गाठोडं आधी शेजारच्या ओसरीवर नेऊन ठेवलं.