काठ स्पष्ट दिसेपर्यंत

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत वसंतरावांनी एकतीस वर्षं लोखंडाची ओतीव कास्टिंग तपासली. केसाएवढी भेग त्यांच्या नजरेतून सुटायची नाही. निवृत्त झाल्यावर ती नजर घरी आली. पोळीची कड कच्ची, कुकरची रिंग सैल, पुसलेल्या आरशावर बोटाचा ठसा. नंदिनीकाकूंनी दोन महिने ऐकून घेतलं आणि तिसऱ्या महिन्यात नवऱ्याला सुनेच्या हवाली केलं.

सून स्वप्नाली मंगळवार पेठेतल्या घराच्या पुढच्या खोलीतून दर रविवारी लाइव्ह साड्या विकायची. मोबाइलचा कॅमेरा, लॅपटॉपवर स्ट्रीमिंगचं सॉफ्टवेअर. पण जाड भिंतींतून वायफाय रडतखडत यायचं, म्हणून मोबाइल लहानसं चित्र पाठवायचा आणि सॉफ्टवेअर ते ताणून मोठं करायचं. ताणलं की इरकलीचा काठ ओल्या फडक्याने पुसल्यासारखा दिसायचा.

शिरोळच्या चिमणाबाईंना नातीच्या लग्नात आहेराला चाळीस साड्या हव्या होत्या. एवढी मोठी ऑर्डर स्वप्नालीला कधीच मिळाली नव्हती.

"येत्या ऐतवारी काठ दिसला तर घेतो," त्यांनी फोनवर बजावलं. "न्हायतर दुकानात जाऊन हाताला लावून घेतो. मग राग मानू नगंस."

"मी बघतो," वसंतराव म्हणाले.

त्यांनी वही घेतली. एका वेळी एकच बदल करायचा आणि लिहून ठेवायचा, ही फौंड्रीची शिस्त. नंदिनीकाकूंना खांद्यावर साडी टाकून कॅमेऱ्यासमोर बसवलं आणि चित्राला धार आणायचा फिल्टर शेवटापर्यंत ओढला.

काकू उठून लॅपटॉपशी आल्या. "अहो, ही साडी आहे की चाळण? आणि माझ्या तोंडावर या रेघा कसल्या?"

"त्या होत्याच. आता दिसतायत."

पुढच्या चाचण्यांना साडी खुर्चीच्या पाठीवर टाकावी लागली.

मग त्यांना कळलं, की चित्र ताणायच्या सॉफ्टवेअरमध्ये तीन-चार पद्धती असतात आणि आपण सगळ्यात ढिली वापरतोय. त्यांनी लँक्झॉस नावाची, कडा रेखीव ठेवणारी, निवडली. शिवाय सॉफ्टवेअर चित्र आधी ताणत होतं आणि बाहेर पाठवताना पुन्हा आवळत होतं. कणीक सैल करून पुन्हा घट्ट करावी, तसं. त्यांनी दोन्हीकडची मापं एक केली, मग धारेचा फिल्टर चिमूटभरच लावला. शनिवारी काठातला धागा न् धागा मोजता येऊ लागला.

रविवारी स्वप्नाली कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. चिमणाबाई टाइप करत नसत. त्यांचा फोन स्पीकरवर होता.

"आता कसं, दिसतंय की," त्या म्हणाल्या. सतरा साड्या भराभर ठरल्या. अठरावी मोरपंखी होती. स्वप्नालीने ती उलगडली.

"थांब," लॅपटॉपसमोरून वसंतराव म्हणाले. "ही रिजेक्ट."

"आबा," स्वप्नाली हसू तसंच ठेवून दातांतून म्हणाली.

"काठापासून चार बोटं वर. आडवा धागा तुटलाय."

अडीचशे बायका ऐकत होत्या. स्वप्नालीने साडीची घडी घातली आणि पुढची उचलली.

"कोण बोलायलंय त्ये?"

"सासरे आहेत माझे."

"पावणं, तुमाला धंदा जमायचा न्हाय," चिमणाबाई म्हणाल्या. "ही साडी माझ्या विहिणीला जाणार हुती. मरंस्तवर ऐकवलं असतं तिनं. सपनाली, मागच्या सतरा बी त्यास्नी दाखीव. पास केल्याबिगार एक पाठवू नगंस. आन् कमी पडतील तेवढ्या दुसऱ्या दाखीव."

चाळीस पास व्हायला बुधवार उजाडला. सहा बाद झाल्या. साड्या पुरवणारा व्यापारी त्या परत घ्यायला कुरकुरत होता, म्हणून वसंतराव फोनकडे हात पुढे करून बसले. स्वप्नालीने फोन दिला नाही.

"मोरपंखीला आडवा धागा, चार बोटांवर," ती ठणकावून सांगत होती. "जांभळीच्या पदरात गाठ. दोन्ही लाल काठाला उसवल्यात. तुम्हाला दिसत नसेल तर रविवारी लाइव्हवर दाखवते, अडीचशे बायकांसमोर."

व्यापाऱ्याने दुपारीच साड्या न्यायला माणूस पाठवला.