शरयूचं ‘मग’ आणि माझं ‘म्हणून’

बुधवारी सकाळी मी ऑफिसला निघायच्या गडबडीत होते आणि फोनवर अविनाशरावांचं नाव दिसलं. ते मला कधीच फोन करत नाहीत. जे काही असेल ते त्यांची बायको, माझी मैत्रीण शरयूच कळवते. “माधवीताई, शरयू गेली,” ते म्हणाले. चहा ठेवायला उठली आणि ओट्यापाशीच कोसळली, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मी नुसतं “हो, हो” म्हणत राहिले, जणू ते मला पत्ता सांगत होते.

याला आता सहा आठवडे झाले. हे लिहायला मी चारदा बसले आणि चारदा उठले. एकदा डबे पुसले, एकदा इस्त्री केली, एकदा तर उगाचच खाली जाऊन वॉचमनशी गप्पा मारून आले. जे लिहायचं ते टाळून बाकी सगळं लिहिता येईल का, हेच बहुधा मी बघत होते... येत नाही.

शरयू गाझियाबादच्या एका शाळेत सहावी ते आठवीला सामाजिक शास्त्र शिकवायची. मी दिल्लीत आर. के. पुरममध्ये दर रविवारी मराठी मुलांसाठी वर्ग घेते. कॉलनीतली मुलं असतात, कँटोन्मेंटमधून जवानांची काही मुलं येतात. त्यांना मराठी बोलता येतं, पण ‘अडगळ’ म्हटलं की तोंडाकडे बघतात. मी त्यांना गोष्टी वाचून दाखवायची. शरयू एकदा सहज म्हणून आली, मागे बसून ऐकलं आणि निघताना म्हणाली, “गोष्टी ती बिल्कुल वाचतील गं. पुढे काय होणार या ओढीनं गोष्ट वाचून होते. त्यांच्यापुढे माहितीचा उतारा ठेव, मग बघ कशी गळपटतात.” मी ठेवला, आणि गळपटली. तिचं बरोबर निघायचं याचा मला नेहमीच थोडा राग यायचा.

पुढच्या रविवारपासून ती स्वतःच येऊ लागली, दोन गाड्या बदलून. मुलांच्या हातात कागद द्यायची आणि वाचायला बंदी करायची. आधी बघायचं, उतारा बांधलाय कसा. लाल पेन्सिलीनं फक्त जोडणारे शब्द शोधायचे. ‘आधी’, ‘मग’, ‘शेवटी’ दिसले तर लेखक क्रम सांगतोय. ‘कारण’, ‘त्यामुळे’, ‘म्हणून’ दिसले तर तो कारण सांगतोय, आणि मग त्याला पुरावा मागायचा. ‘उलट’, ‘त्यापेक्षा’ आले की दोन गोष्टी शेजारी ठेवून तुलना चाललीय. काही उताऱ्यांत आधी अडचण येते, मागून उपाय. उतारे ती घरी लिहून आणायची: कूलर कसा बसवतात, यमुनेवर फेस का येतो, स्कूलबस बरी की मेट्रो, कॉलनीत टँकर आला नाही तर काय करायचं. महिन्याभरात ही मुलं औषधाच्या खोक्यातला कागदसुद्धा लाल पेन्सिल घेऊन बघायला लागली.

एकदा मला हुक्की आली आणि उतारा मी लिहिला. “दिवाळी झाली, म्हणून हवा बिघडली, म्हणून शाळा बंद झाल्या, म्हणून मुलं चिडचिडी झाली.” शरयूनं तो मुलांदेखत वाचला आणि हसायलाच लागली. “माधवी, तुझ्याकडे एवढे ‘म्हणून’ आले कुठून? एकामागून एक घडलं की लगेच पहिल्यानं दुसरं घडवलं? पुरावा कुठाय?” मी दोन रविवार फुगून बसले होते आणि तिच्यासाठी चहा केला नव्हता.

आर्या नावाची सातवीतली मुलगी होती, साताऱ्याकडची, वडील फौजेत. शरयूनं घरातल्या घटना क्रमानं लिहायला सांगितल्या, तेव्हा तिनं लिहिलं, “बाबांची दिल्लीला बदली झाली. म्हणून आजी वारली.” या खेपेला शरयू हसली नाही. खाली सतरंजीवर तिच्याजवळ जाऊन बसली.

“आजीला काय झालं होतं?”

“ताप. पण आम्ही तिथे असतो तर...”

“असं कोणी सांगितलं तुला?”

“कोणीच नाही. मला माहितीये.”

“माहीत आहे तेवढंच या ओळीत लिही,” शरयू म्हणाली. “वाटतं ते लिहायला हरकत नाही, पण ते वेगळ्या ओळीत.” तिनं पेन्सिलीला हात लावला नाही. पोरीनं कागद जवळ ओढला, ‘म्हणून’ खोडलं आणि ‘मग’ लिहिलं. मला तेव्हा शरयूचा फार अभिमान वाटला होता.

आता ते सांगते, जे टाळत होते. त्या शेवटच्या रविवारी समोरची बिल्डिंग दिसत नव्हती इतका धूर होता. शरयूचा फोन आला. “जरा दम लागतोय गं. पुढच्या रविवारी येऊ का?” मी म्हटलं, “चल ना यार, मुलं येऊन बसलीयेत. तासाभराचा तर प्रश्न आहे.” ती आली. आणि बुधवारी गेली.

ती काय म्हणाली असती ते मला पाठ आहे. पण स्वतःसाठी ‘मग’ निवडणं फार सोयीचं आहे, म्हणून माझा त्याच्यावर विश्वास बसत नाही. आर्याला तिच्या आजीनं दम लागतोय म्हणून सांगितलं नव्हतं. मला सांगितलं होतं. भाजी चिरताना, फायलीवर सही करताना तो ‘म्हणून’ मध्येच येऊन उभा राहतो आणि मी हातातलं टाकून उठते.

गेल्या आठवड्यात गाझियाबादला गेले. अविनाशरावांनी तिच्या उताऱ्यांची पिशवी काढून ठेवली होती. मी ती घेतली नाही; आधी दारातच, उभ्याउभ्या, फोनचं सगळं सांगून टाकलं. ते रागावतील असं वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं.

“दम लागतोय असं म्हणाली?” त्यांनी विचारलं. “मला नाही बोलली.” ते खुर्चीवर बसले. “डॉक्टरांनी विचारलं होतं, आधी काही त्रास होता का. मी अगदी ठामपणे नाही म्हणालो.”

मी माझं ओझं उतरवायला गेले आणि ते त्यांच्या डोक्यावर ठेवून बसले. तोंडाशी आलेली क्षमा मी गिळली. ती मागणंही माझ्याच सोयीचं झालं असतं. ते म्हणाले, “त्या दिवशी काय काय झालं? पहिल्यापासून सांगा.”

मी सांगितलं. मी घ्यायला गेले तेव्हा मेट्रोच्या गेटमधून आली, मास्क हनुवटीवर होता. जिना चढून थांबली, पाणी प्यायली. कूलरचा उतारा घेतला. एका मुलानं क्रम लावताना आधी पाणी भरलं आणि मग टाकी बसवली, त्यावर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. दिवाळीचा उरलेला चिवडा खाल्ला, आणखी मागून घेतला. परत जाताना पर्समध्ये मेट्रोचं कार्ड शोधत होती, न बघताच हात हलवला... जे पाहिलं तेवढंच सांगितलं, त्यात माझ्या मनचं काही घातलं नाही.

अविनाशरावांनी चष्मा काढून पुसला.

“परत एकदा सांगा,” ते म्हणाले. “जरा सावकाश.”

मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले, आणि मेट्रोच्या गेटपासून पुन्हा सुरुवात केली.