तंद्री, डेड्रीम आणि मारुतीचे रोडगे

आमचे हे जागेपणी झोपतात. या आजाराला इंग्रजीत पाच-सहा नावं आहेत, हेही मला लग्नानंतर ह्यांच्याकडूनच कळलं, कारण हे मेहकरला शाळेत इंग्रजी शिकवतात. (औषध मात्र एकही नाही!) गिरणीतून दळण आणायला जातात आणि दळण तिथंच ठेवून रिकामी पिशवी जपून घेऊन येतात. "अहो, पीठ?" विचारलं तर म्हणतात, "काऊन, घरात नाही काय?" कपाळावर हात मारून मारून माझं कपाळ झिजलं.

तर यंदा सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. नीट दिसायला लागलं तर साखरखेर्ड्याच्या शेतातल्या मारुतीला रोडग्यांचा निवद दाखवीन, असा त्यांचा नवस होता. दिसायला लागलं. नुसतं नाही, फारच दिसायला लागलं! भाजीत तेल जास्त पडलं की त्यांना बांधावरून कळू लागलं. नवसाच्या दिवशी निवद दाखवेपर्यंत त्या पाण्याशिवाय काही घेणार नव्हत्या. म्हातारं माणूस, सकाळपासून उपाशी. मला त्यांच्या पोटाची काळजी होती आणि त्याहून जास्त त्यांच्या तोंडाची.

आमच्याकडे रोडगे भाजायचं काम पुरुषांचं. बायकांनी जाडसर कणकेचे रोडगे थापून द्यायचे, वरण आणि वांग्याची भाजी करायची. पुरुषांनी गोवऱ्यांचा जगरा पेटवायचा, निखारे पडले की त्यात रोडगे पुरायचे आणि तिथून हलायचं नाही. सारखे उलटवावे लागतात. नजर हटली की कोळसा! दीर भाऊकीला आणायला गेलेले. मग जगऱ्याशी कोण? हे!

"तुमाले हात जोडते," मी म्हणाले. "फक्त रोडग्यायकडं पाहा. दुसरं काही करू नका."

"मी काय लहान लेकरू हाय काय?"

तेवढ्यात आमची ऋतुजा, दहावीतली, तिथं येऊन बसली. इंग्रजीची चाचणी जवळ आली होती. "बाबा, डेड्रीम म्हणजे काय हो?"

झालं! ह्यांच्या चेहऱ्यावर दिवाळी आली.

"डेड्रीम म्हणजे दिवास्वप्न. पन बोलताना सगळ्यालेच डेड्रीम म्हनत नाहीत बरं! मन एखाद्या चांगल्या जागी भटकून राह्यलं, तं डेड्रीम. मन कुठीच नाही, नुसते डोळे उघडे, तं झोनिंग आउट. रेव्हरी हा पुस्तकातला शब्द, बजारात कोनी बोलत नाही. अन् वूलगॅदरिंग म्हणजे झुडपाले अडकलेली मेंढ्यायची लोकर गोळा करत फिरनं! जुना हाय, पन काय शब्द हाय!"

"उदाहरण द्या नं."

"उदाहरण... समज, एक मानूस बसला हाय..."

आणि माणूस बसला. बसलाच! डोळे समोरच्या टेकडीवर, चिमटा हवेत. पोरगी बिचारी उदाहरणाची वाट पाहत राहिली.

धूर पहिल्यांदा कोणाला दिसला? सासूबाईंना! मारुतीच्या ओट्यावरून त्या ओरडल्या, "वंदना! जगऱ्यातून काळा धूर काऊन निंगून राह्यला वं?"

मी पळत गेले, राख उकरली. सगळे गेले होते! एकाला टिचकी मारली तर टणटण वाजला. (द्रोणागिरी उचलणारा असला, तरी मारुतीचे दात ते दातच!)

"अहो, काय करून राह्यले होते तुमी?"

"उदाहरण शोधत होतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुमीच हाय नं उदाहरण! आरशात पाहा!"

आता कणीक उरली होती एकाच खेपेपुरती. वीज गेलेली, त्यामुळे गावातली गिरणी बंद. भाऊकी येऊन टेकली होती. तिकडून सासूबाई, "माह्या पोटात कावळे कोकलून राह्यले, पन निवद दाखोल्याबिगर घास घेईन नाही हं मी!"

"उठा!" मी ह्यांना म्हणाले. "जा, वरण ढवळा. जगऱ्याशी आता मी बसते. रीत गेली खड्ड्यात!"

पदर खोचला, चिमटा हिसकावला, रोडगे पुरले आणि बसले. थंडीचे दिवस, निखाऱ्याची छान ऊब. पण मी इकडे तिकडे पाहिलंसुद्धा नाही. फक्त विचार केला. (विचार करणं म्हणजे तंद्री नव्हे!) विचार असा, की आजचा नवस शेवटी कोणी तारला? वंदनानं! ही गोष्ट नांदुऱ्याला माझ्या माहेरी पोचणारच. माझ्या पुरणपोळीला नावं ठेवणारी वहिनी खालच्या आवाजात विचारणार, "वन्स, रोडगे कसे भाजता हो?" मग गावोगावच्या नवसाला मलाच बोलावणं. शाल, श्रीफळ, सत्कार! मी माइकसमोर उभी राहून "बंधू आणि भगिनींनो" म्हणतच होते, तेवढ्यात ओट्यावरून आवाज आला.

"वंदना! तुलेही दिसत नाही काय वं? आता तुह्यं ऑपरेशन करा लागते!"

राख उकरली. अगदी कडेला पुरलेला एक रोडगा तेवढा वाचला होता. तो पुसला, तुपात बुडवला, निवद दाखवला. सासूबाईंनी प्रसादाचा घास घेतला तेव्हा कुठं माझ्या जिवात जीव आला. बाकीच्या भाऊकीनं गावातून आणलेले पाव वरणात बुडवून खाल्ले. माझी मान मात्र वर होईना.

"आई," ऋतुजानं विचारलं, "तुह्यावालं काय होतं? डेड्रीम का झोनिंग आउट?"

हे लगेच सरसावले. "मन चांगल्या जागी होतं काय?"

"मी विचार करत होते!" मी ओरडले.

सासूबाई बोटाचं तूप चाटत आमच्या दोघांकडे पाहत होत्या. "इतके दिवस मले वाटे, माह्याच पोरात खोट हाय. नजर आली तवा दिसलं, जोडा कसा साजरा जमला थे!"

चाचणीत नेमका प्रश्न आला, डेड्रीम हा शब्द वाक्यात वापरा. ऋतुजानं लिहिलं, "माय मदर नेव्हर डेड्रीम्स. शी ओन्ली थिंक्स, अँड द रोडगे बर्न." तपासणारे सर घरचेच! त्यांनी पैकीच्या पैकी मार्क दिले आणि स्वयंपाकघरात येऊन मला ते वाक्य कौतुकानं वाचून दाखवलं. मला असा राग आला म्हणता! चांगलं झणझणीत उत्तर द्यायचं ठरवलं, ते कुठल्या शब्दांत द्यावं याचा नीट विचार करत उभी राहिले, आणि तव्यावरची पोळी करपली.