झाडलेली जागा

२४ मार्च. पहिलं काम घराच्या कुलपाचं. किल्ली होती, पण कुलूप आतून गंजलं होतं. शेजारचे देवाजीभाऊ हातोडा घेऊन आले, दोन घाव घातले आणि म्हणाले, "आता नवीन घ्या. राहनार असान तं."

मस्कतहून निघाले ती परत न जाण्यासाठी. तिथल्या दवाखान्यात परिचारिका म्हणून वीसेक वर्षं गेली. करार संपला, पुन्हा केला नाही. आईवडील आता नाहीत, भाऊ नागपुरात. गावात घर होतं, तीन बांध्या (धानाची खाचरं) होत्या आणि त्यांच्या धुऱ्यावर (शेताच्या हद्दीवर) एक मोहाचं झाड. एवढं पुरेल असं वाटलं.

नागपूरहून मूलपर्यंत एक बस, तिथून सावलीकडे दुसरी. मूल सोडल्यावर दोन्ही बाजूंना रान. सागाची पानं गळून गेलेली, मधूनच एखादा पळस पेटलेला. कंडक्टरनं माझ्या दोन मोठ्या बॅगा पाहिल्या. "राहाले आल्या का पाहाले?" मी राहायला म्हटलं. त्याचा विश्वास बसलेला दिसला नाही.

संध्याकाळी समोरच्या ताराबाई भात आणि लाखोळीची डाळ घेऊन आल्या. माझ्याहून बऱ्याच मोठ्या, एकट्या राहतात. डाळ घट्ट, वर लसणाची फोडणी. मी दोनदा वाढून घेतली. परत कधी जाता, त्यांनीही विचारलं. जाणार नाही म्हटल्यावर "बरं" म्हणाल्या आणि रिकामं भांडं घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर शेतावर गेले. मोहाखाली वाळक्या पानांचा थर, त्यात सकाळी पडून सुकलेली फुलं. मला पसारा बघवत नाही. खराटा घेतला आणि झाडाखालची सगळी जागा अंगणासारखी लख्ख केली, पानांचा ढीग बांधाला लावला. रस्त्यानं दोन बाया सरपण घेऊन चालल्या होत्या. थांबल्या, पाहिलं आणि पुढे गेल्या. मी समाधानानं घरी आले.

तिसऱ्या दिवशी देवाजीभाऊ दाराचा कोयंडा बसवायला आले. सकाळपासून ताराबाईंचं दार बंद होतं, म्हणून मी सहज विचारलं.

"जंगलात गेली, मोह वेचाले. एकटीच."

"एकट्या कशाला?"

"तुमी झाड झाडलं ना, बाई."

कोयंड्याचे खिळे ठोकत त्यांनी मला सगळं सांगितलं. आमच्या मोहाची फुलं इतकी वर्षं ताराबाईच वेचत. त्याच फुलांवर त्यांचं पावसाळ्यापर्यंत भागतं. यंदा फुलं नुकतीच पडू लागली होती, त्या आजउद्या झाडणारच होत्या. गावात रीत अशी की हंगामाच्या सुरुवातीला ज्यानं झाडाखालची जागा झाडली, त्या वर्षी झाड त्याचं. कुणी भांडत नाही, दुसऱ्या झाडाकडे जातं. दुसरी झाडं नहराच्या (कालव्याच्या) पलीकडे, जंगलात. तिथं वेचायला दोघी जातात. एक वाकते, दुसरी उभी राहून पाहते, कारण वाकलेलं माणूस वाघाला जनावर वाटतं. आमचं झाड वेचून ताराबाई तिकडेही जायच्या, सोबत त्यांची जाऊ असायची. मागच्या हंगामात ती वाकली असताना वाघानं तिला नेलं. ताराबाई उभ्या होत्या. तेव्हापासून त्यांनी जंगल सोडलं होतं.

मी नहराच्या पुलावर जाऊन बसले. जंगलात शिरायची हिंमत झाली नाही. दुपार चढल्यावर ताराबाई आल्या. डोक्यावरची टोपली अर्धीही भरली नव्हती.

झाड तुमचंच, मी नुसता केर काढला, असं मी सांगितलं. त्यांनी टोपली उतरवली नाही.

"झाडलं त्याचं झाड. अन् तुमच्या बापाचंच होय ते. मी मागाले कोन?"

"मीच देते म्हटलं तर?"

"तुमी चार दिवसानं चालल्या जान. मंग लोक म्हनतीन, बाईच्या झाडलेल्या जागेवर तारा चोरून वेचून राह्यली."

संध्याकाळी मी शेतावर गेले. बांधाला लावलेला पानांचा ढीग ओंजळी भरभरून उचलला आणि मोहाखाली होता तसा पसरला. लोक कामावरून परतायची वेळ मुद्दाम धरली होती. रस्त्यावर सातआठ जणं थांबली. देवाजीभाऊंनी सायकलवरूनच विचारलं, "तिकडं असंच झाडाले शिकवतेत का, बाई?" सगळे हसले. मी पानं पसरत राहिले. घरी येताना ताराबाई ओट्यावर दिसल्या. त्यांनी माझे मातीनं भरलेले हात पाहिले.

पहाटे खराट्याच्या आवाजानं जाग आली, तो त्यांच्या अंगणातला. मग तोच खराटा घेऊन त्या शेताकडे निघाल्या. मी चपला घालून मागोमाग गेले. त्यांनी पानं झाडून बाजूला केली, टोपली ठेवली आणि क्षणभर नहराकडे पाहत थांबल्या. मी पुढे जाऊन त्यांच्याकडे पाठ केली, तोंड जंगलाकडे केलं. मागे फुलं वेचल्याचा आवाज सुरू झाला. टोपली भरेपर्यंत मी खाली बसले नाही.