अर्धा पेला ऑइल

दादांनी फटफटी घेतली तेव्हा मलाही आनंद झाला होता, हे आधीच कबूल करतो. दादा म्हणजे माझे थोरले बंधू, माझ्याहून चौदा वर्षांनी मोठे. वडील गेल्यावर त्यांनीच मला वाढवलं, उस्मानाबादला ठेवून मॅट्रिक केलं. आमच्याच गावच्या, ईटच्या शाळेत मी मास्तर म्हणून लागलो तोवर त्यांच्यापुढं कधी मान वर करून बोललो नव्हतो. शेताचा सगळा कारभार त्यांच्याकडं. एक रान गावाजवळ, दुसरं ओढ्यापलीकडं माळाच्या अंगाला, आणि आठवड्यातून दोनदा तरी तालुक्याला, भूमला फेरी ठरलेली. भूममधल्या एका अंमलदाराची बदली झाली, त्यांची जुनी फटफटी विकायची होती, ती दादांनी घेतली.

गाडी टू स्ट्रोक होती. म्हणजे काय, ते भूमच्या मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी आम्हा दोघांना समजावून सांगितलं. हे मिस्त्री पन्नाशीचे. निजामाच्या काळात ट्रकवर होते, आता विहिरींवरची इंजिनं दुरुस्त करायचे. त्यांनी सांगितलं की या इंजिनात ऑइलची वेगळी टाकी नसते. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं, तेच आत जाऊन पिस्टनला लागतं. एका गॅलनला किती, हे दाखवायला त्यांनी स्वतःजवळचा एक पितळी पेला दिला. हा पेला काठोकाठ भरून घालायचा, कमी नाही, जास्त नाही.

ऑइल मिसळलं की धूर निघतो. फटफटी वेशीतून गेली की मागं निळसर धुराचा पट्टा राहायचा आणि पारावर बसलेली मंडळी नाकाला उपरणं लावायची. कुणीतरी म्हणालं, पाटलांच्या गाडीनं आज गावातले डास मारले. दादांनी ते ऐकलं. शिवाय मागच्या नळीतून तेलाचे शिंतोडे उडायचे आणि त्यांच्या पांढऱ्या धोतराच्या काठावर काळे ठिपके पडायचे. दादा कपड्यांच्या बाबतीत फार काटेकोर. वहिनी रिठे लावून लावून धोतर चोळायच्या आणि काही बोलायच्या नाहीत, पण धोतर आपटायच्या जोरात.

पहिल्यांदा गाडी बंद पडली ती ओढ्यापलीकडच्या चढावर. दादा चालवत होते, मी मागं बसलो होतो. वाळूतून वर चढताना इंजिनाचा आवाज एकदम बारीक झाला, शिट्टीसारखा, आणि मागचं चाक जागच्या जागी अडकलं. आम्ही दोघंही बाभळीच्या अंगाला कलंडलो. लागलं नाही, पण किक जागची हलेना. ऊन मी म्हणत होतं. दादा म्हणाले, ढकल. मी ढकलत ढकलत गाडी वस्तीपर्यंत आणली. तिथं एकाची बैलगाडी मागून तिच्यात फटफटी आडवी घातली आणि दुसऱ्या दिवशी भूमला नेली. वाटेत भेटलेल्या प्रत्येकानं बैलगाडीतल्या फटफटीबद्दल विचारलं आणि प्रत्येकाला उत्तर मलाच द्यावं लागलं.

मिस्त्रींनी हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण उघडलं. पिस्टनची एक बाजू घासून पार खरवडली होती, रिंगा खाचेतच चिकटल्या होत्या. सिलिंडरला आतून उभे ओरखडे. जुना पिस्टन, चढावर तापून अडकला असेल, असं मिस्त्री म्हणाले. घासलेट ओतून, लाकडाच्या ठोकळ्यानं हळूहळू ठोकत त्यांनी पिस्टन सोडवला, त्यात एक दिवस गेला. मग सिलिंडर लेथवर घासून मोठा करायचा आणि त्यात एक नंबर मोठा पिस्टन बसवायचा, असं ठरलं. लेथ बार्शीला. दादांना सुगीचं काम, म्हणून शाळेतून रजा काढून सिलिंडर पोत्यात बांधून मीच एस.टी.नं बार्शीला गेलो. तिथला लेथवाला म्हणाला, आधी पिस्टन आणा, मग मापानं घासतो. पिस्टन बार्शीत मिळेना. सोलापूरला गेलो. तिथं दुकानदारानं आठ दिवसांनी या म्हणून सांगितलं. आठ दिवसांनी गेलो तर मोटारीचा पिस्टन काढून दाखवला. परत गेलो तेव्हा खरा मिळाला, पण रिंगांशिवाय. हेडमास्तरांनी एकदा मला विचारलं की शाळेत नोकरी करता की एस.टी.त. त्यांचंही चुकत नव्हतं.

महिनाभरानं गाडी जोडून झाली. मिस्त्रींनी रिंगा बसवताना मला जवळ बसवून दाखवलं की रिंगेची फट पिस्टनमधल्या बारीक खुंटीवरच आली पाहिजे, नाहीतर ती सिलिंडरच्या भोकात अडकून तुटते. पिस्टनवरचा बाण कुठल्या बाजूला ठेवायचा तेही दाखवलं. मग दादांना म्हणाले की नवा पिस्टन आहे, पहिले दिवस हळू चालवा, चढावर रेटू नका, आणि ऑइल पेला भरून घाला. दादांनी मान हलवली.

त्यानंतर पंधराएक दिवसांनी वहिनी वाळलेल्या धोतराची घडी घालता घालता म्हणाल्या, “भावजी, मिस्त्रीनं बेस केलं बघा. आता डागच पडंनात.” त्यांना बरं वाटलं होतं. मला वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी दादा डब्यात पेट्रोल कालवत होते तेव्हा मी मुद्दाम अंगणात रेंगाळलो. त्यांनी पेला निम्मा भरला, डब्यात ओतला आणि पेला पुसून कोनाड्यात ठेवला.

मी धीर करून म्हणालो की मिस्त्रींनी भरून घालायला सांगितलंय. दादांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. म्हणाले, “मिस्त्रीला धूर सोसावा लागत न्हाय. तू तुझ्या शाळंचं बघ.”

मी शाळेचं बघितलं.

आठवडाभरातच गाडी दुसऱ्यांदा अडकली, या खेपेला भूमच्या वाटेवर, आणि मी सोबत नव्हतो एवढंच माझं नशीब. गाडी परत मिस्त्रींच्या दारात गेली. मी शाळा सुटल्यावर पोचलो तेव्हा तिथं चार-पाच माणसं उभी होती, आपापल्या इंजिनांची कामं घेऊन आलेली. त्यांच्यासमोर दादा म्हणाले, महिनाभर गाडी ठेवून घेतली आणि कामाच्या नावानं शून्य. मिस्त्रींनी हेड उघडून आत पाहिलं. नवा पिस्टन त्याच बाजूनं खरवडला होता. त्यांनी दादांना विचारलं की ऑइल भरून घालत होता ना. दादा म्हणाले, तुम्ही सांगितलं तसंच.

मी तिथंच उभा होतो. बोललो नाही.

मिस्त्रींनी ते खरं मानलं. पाटील माणूस खोटं कशाला बोलेल. म्हणजे चूक आपलीच, असं त्यांनी धरलं. लेथ आणि पिस्टनची तीच यातायात पुन्हा सुरू झाली, फक्त या वेळी बार्शीला ते स्वतः गेले. मजुरी घेणार नाही म्हणाले. मी शनिवारी त्यांच्याकडं जायचो तर गोणपाटावर सगळे भाग मांडून ते एकेक हातात घेऊन बघत बसलेले असायचे. पॅकिंगमधून हवा ओढत असेल, लेथवर माप तंग राहिलं असेल, पिन बसवताना पिस्टन वाकडा झाला असेल. मला विचारायचे, मास्तर, त्या दिवशी रिंग बसवताना तुम्ही होता, काही चुकलं का माझं? मी म्हणायचो, नाही, बरोबर बसली होती. एवढं खरं सांगून बाकीचं गिळायचो आणि घरी येताना स्वतःवरच चिडायचो, मग दादांवर, मग त्या मुडद्या फटफटीवर.

एके दिवशी समजलं की ईटच्याच एका शेतकऱ्यानं आपलं विहिरीवरचं इंजिन मिस्त्रींकडून उचलून बार्शीला नेलं. दादांचं बोलणं त्यानं तिथं उभं राहून ऐकलं होतं.

गाडी जोडून झाली त्या दिवशी दादा आणि मी दोघंही गेलो. मिस्त्रींनी किक मारली, इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. तरी त्यांचा चेहरा उतरलेलाच. ते दादांना म्हणाले की सगळं पुन्हा तपासलंय, पण मागल्या खेपेला काय झालं ते मला उमगलं नाही, तेव्हा छातीठोक सांगता येत नाही. दादा म्हणाले, या खेपेला तरी नीट केलंय ना.

तेव्हा माझ्या तोंडून निघालं, “दादा, तुम्ही ऑइल अर्धाच पेला घालत होता.”

दादा गाडी स्टँडवर घ्या म्हणाले आणि रस्त्यापलीकडच्या हॉटेलात जाऊन बसले. मिस्त्रींनी इंजिन बंद केलं, हात पुसले आणि माझ्याकडं वळले. मला वाटलं, त्यांच्या मनावरचं ओझं उतरलं असेल.

“मास्तर,” ते म्हणाले, “तुमाला पयल्यापासनं ठाव व्हतं?”

मी हो म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि पाने डब्यात ठेवायला लागले. मला दोन शिव्या दिल्या असत्या तर मी सुटलो असतो.

परतीच्या वाटेवर दादांनी गाडी इतकी हळू चालवली की मागून आलेला सायकलवाला आमच्या पुढं गेला. पुढचे आठ-दहा दिवस ते माझ्याशी थेट बोलले नाहीत. जेवायला बसल्यावर वहिनींमार्फत निरोप यायचा, त्याला म्हणावं बियाणं पोचवून ये. वहिनी आम्हा दोघांकडं बघून कपाळाला हात लावायच्या. माफी वगैरे दादांनी मिस्त्रींकडं कधी मागितली नाही, निदान माझ्या कानावर आलं नाही. पण महिन्याभरानं आमच्या विहिरीवरचं इंजिन धडधाकट असताना त्यांनी ते उघडून तपासायला मिस्त्रींना बोलावलं, दिवसभर मळ्यात ठेवून घेतलं आणि संध्याकाळी पारावर चारचौघांत सांगितलं की इंजिनाचं काम करावं तर याच माणसानं. ज्यानं आपलं इंजिन बार्शीला नेलं होतं तोही तिथं होता.

मिस्त्री दादांशी पूर्वीसारखेच वागले. माझ्याशी मात्र नाही. कामाचं सांगायचे, रिंगा-पिस्टन काही दाखवायला जवळ बसवलं नाही. मी दुकानात गेलो तर म्हणायचे, या मास्तर, आणि स्टूल पुढं करायचे, इतकंच.

फटफटी दादांनी पुढं चार-साडेचार वर्षं चालवली. पिस्टन पुन्हा अडकला नाही. पेला ते भरून घालायचे, आणि भूमला जाताना पांढरं धोतर नेसायचं सोडून खाकी विजार घालायला लागले. ती त्यांना अजिबात शोभत नव्हती, पण हे मी त्यांना सांगितलं नाही.